विश्लेषण : सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ‘कम्पायलर’चीच दुरुस्ती कशी होते?

नांदेड असो की लातूर, संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी सी भाषा शिकू लागला की आज ना उद्या ‘जीसीसी’ या मोफत कम्पायलरपाशी येतोच. त्याने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा आज्ञांमध्ये बदलण्याचे काम हा कम्पायलर करतो. मात्र कम्पायलर हाही शेवटी एक प्रोग्रामच. त्यालाही मेमरी लागते, त्याच्याही चुका होतात आणि चाळीसेक वर्षांत त्याचेही घर जुने होते. चालू घरात राहूनच त्याचा पाया बदलण्याचे काम गेली अनेक वर्षे सुरू आहे. ते कसे होते आणि त्याचा आपल्या हातातील फोनशी काय संबंध, याविषयी…

कम्पायलर म्हणजे नेमके काय?

माणूस लिहितो ती संगणकाची भाषा आणि चिपला कळते ती भाषा यांच्यातील दुभाषा म्हणजे कम्पायलर. अमेरिकी नौदलातील संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ‘ए-०’ ही या वाटेवरील पहिल्या काही प्रणालींपैकी एक तयार केली. आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या चमूचा फोरट्रान कम्पायलर १९५७ मध्ये आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये खुली केली. लिनक्स ही प्रणाली प्रामुख्याने याच कम्पायलरच्या आधारावर वाढली आणि अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. पुढे अँड्रॉइडने जीसीसी सोडून ‘एलएलव्हीएम’ प्रकल्पातील ‘क्लँग’ हा कम्पायलर स्वीकारला. म्हणजे फोनवरील पैसे पाठवण्याचे ॲप असो की सातबारा दाखवणारे संकेतस्थळ, त्यामागील सॉफ्टवेअर कुठल्या ना कुठल्या भाषांतरकाराच्या हाताखालून गेलेले असते. दुभाष्यानेच चूक केली तर मूळ लेखकाचा दोष नसतानाही अर्थ बदलतो.

कम्पायलरला स्वतःला मेमरी कशासाठी लागते?

कम्पायलर मजकूर वाचतो तेव्हा त्याची ओळीओळीने नोंद ठेवत नाही, तर त्याचा एक वृक्ष उभा करतो. ‘अ + ब’ एवढे लिहिले तरी बेरजेची एक गाठ आणि तिच्या दोन फांद्या तयार होतात. प्रत्येक नावाची, प्रत्येक संख्येची, प्रत्येक फंक्शनची वेगळी नोंद असते. मोठ्या प्रोग्रामसाठी अशा लाखो लहान नोंदी तयार होतात. त्यातील काही क्षणभर लागतात, काही एका फंक्शनचे भाषांतर संपेपर्यंत, तर काही अखेरपर्यंत.

प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्रपणे जागा मागायची आणि काम झाले की ती स्वतंत्रपणे परत करायची, हा सरळ मार्ग. पण तो महाग पडतो. घागर घेऊन दर वेळी टाकीवर जाण्यासारखे ते आहे. पाण्यापेक्षा फेऱ्यांचाच शीण जास्त. त्यामुळे कम्पायलर लिहिणारे बहुधा टँकरचा मार्ग धरतात. मेमरीचा मोठा तुकडा एकदम घ्यायचा आणि त्यातून लागेल तसे वाटप करायचे.

‘पंगती’ची पद्धत कोणती?

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगर आठवावा. एकेक माणूस उठला की त्याच्यापुरती जागा झाडत बसले तर काम कधी संपायचे नाही. पूर्ण पंगत उठते, मग सगळी जागा एकदम स्वच्छ होते आणि दुसरी पंगत बसते. संगणकशास्त्रात या पद्धतीला ‘अरीना’ म्हणतात. एका कामासाठी लागणाऱ्या सर्व नोंदी सलग मांडायच्या आणि काम संपले की एका फटक्यात सगळी जागा मोकळी करायची. वाटप झटपट होते, कारण ‘पुढची रिकामी जागा कोणती’ एवढी एकच खूण पुढे सरकवावी लागते.

जीसीसीमध्ये सुरुवातीची बरीच वर्षे ‘ऑबस्टॅक’ नावाने याच धाटणीची व्यवस्था होती. कायम राहणाऱ्या नोंदींसाठी एक ढीग आणि एका फंक्शनपुरत्या नोंदींसाठी दुसरा. फंक्शनचे भाषांतर झाले की दुसरा ढीग मोकळा.

मग ही पद्धत बदलावी का लागली?

पंगतीचा नियम एकच : सगळे एकदम उठले पाहिजेत. कुणी बसून राहिला आणि तरीही जागा धुतली गेली, तर गोंधळ. कम्पायलर हुशार होत गेला तसा नेमका हाच गोंधळ वाढला. पूर्वी एक फंक्शन वाचायचे, त्याचे भाषांतर करायचे आणि विसरायचे, असे काम चाले. पुढे एका फंक्शनचा मजकूर दुसऱ्यात मिसळून वेग वाढवणे, पूर्ण प्रोग्राम एकत्र पाहून निर्णय घेणे, अशी तंत्रे आली. त्यासाठी आधीच्या फंक्शनच्या नोंदी नंतरही हाताशी लागू लागल्या. कुठली नोंद कुठल्या ढिगात टाकायची, हे प्रोग्रामरने आधीच ओळखायचे होते. अंदाज चुकला की नोंद पुसली जाई, पण तिच्याकडे बोट दाखवणारा पत्ता तसाच राही. त्या पत्त्यावर नंतर दुसरेच काही मांडलेले असे. अशा चुकीचा माग काढणे फार कठीण असते, कारण ती घडते एका जागी आणि दिसते भलत्याच जागी.

जून २००१ मध्ये आलेल्या जीसीसी ३.० या आवृत्तीने यावर मोठा निर्णय घेतला. कम्पायलरच्या आतील बहुतांश मेमरी ऑबस्टॅकऐवजी ‘गार्बेज कलेक्शन’ या पद्धतीने सांभाळली जाऊ लागली. म्हणजे कोणती नोंद केव्हा टाकायची, हे माणसाने ठरवायचे नाही. ठरावीक वेळी एक झाडणारा फिरतो. कुठूनही ज्या नोंदीपर्यंत पोहोचता येते ती तो ठेवतो आणि बाकी सगळे उचलतो.

या सोयीची किंमत काय?

पहिली किंमत शिस्तीची. झाडणाऱ्याला कुठून शोध सुरू करायचा हे सांगावे लागते. त्यासाठी जीसीसीच्या मूळ मजकुरात ठिकठिकाणी ‘जीटीवाय’ ही खूण लिहिलेली असते. ‘जेनजीटाइप’ नावाचे एक साधन या खुणा वाचते आणि नोंदी तपासणारा मजकूर आपोआप तयार करते. एखाद्या पत्त्यावर खूण करायची राहिली, तर झाडणाऱ्याच्या लेखी ती नोंद बेवारस ठरते आणि वापरात असतानाही उचलली जाते.

दुसरी किंमत वेळेची, आणि ती जुन्या संगणकांना जास्त मोजावी लागते. झाडण्याची पाळी कधी यावी हे जीसीसी संगणकाच्या रॅमवरून ठरवतो. संगणकात १ जीबी किंवा अधिक रॅम असेल, तर कम्पायलरच्या नोंदींनी १२८ एमबी जागा व्यापेपर्यंत झाडणी सुरू होत नाही. त्यानंतरही आधीच्या झाडणीवेळी उरलेली जागा दुप्पट होईपर्यंत तो थांबतो. रॅम ५१२ एमबीच असेल तर हा उंबरठा ६४ एमबीवर येतो आणि दुप्पट होण्याची वाट न पाहता ६५ टक्के वाढीलाच झाडू हातात घेतला जातो. तीच आज्ञा, तोच प्रोग्राम, पण कमी रॅमच्या यंत्रावर झाडणी जास्त वेळा. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर मोठा प्रोग्राम रेंगाळतो, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असू शकते.

सर्वच कम्पायलरांनी हा मार्ग घेतलेला नाही. क्लँगमध्ये वृक्षाच्या गाठी आजही पंगतीच्याच पद्धतीने, खूण पुढे सरकवत मांडल्या जातात आणि त्या सहसा एकेक करून परत केल्या जात नाहीत. कम्पायलर काही मिनिटांत काम संपवून बंद होणार असतो. मग झाडायचे कशाला, हा त्यामागचा रोकडा हिशेब. कोणती पद्धत बरी, याचे उत्तर नोंदी किती काळ जगतात यावर अवलंबून असते.

‘टाइप’चे बंधन म्हणजे काय?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा यांची पोती येतात. बाहेरून सगळी पोतीच. मालाचे नाव लिहिलेले नसेल तर वजन करणारा प्रत्येक पोते उघडून पाहील, नाही तर तुरीच्या भावाने सोयाबीन लावेल. संगणकाच्या मेमरीतही सगळे आकडेच असतात. हा आकडा वय आहे, रक्कम आहे की दुसऱ्या नोंदीचा पत्ता, हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे टाइप. ‘या ठिकाणी याच प्रकारचा माल चालेल’ ही अट म्हणजे टाइपचे बंधन.

ते मोडले तर काय होते याचे गाजलेले उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. युरोपचे एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत भरकटले आणि नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवण्याचा प्रयत्न झाला होता. ती मावली नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली.

गंमत अशी की, इतरांच्या प्रोग्राममधील प्रकार काटेकोर तपासणारा जीसीसी स्वतःच्या पोटात मात्र बराच सैल होता. वृक्षातील गाठ बेरजेची असो, नावाची असो की फंक्शनची, सी भाषेतील मजकुरात तिचा प्रकार एकच : ‘ट्री’. म्हणजे सगळी पोती एकसारखी. चुकीचे पोते हाती आले तर ते कम्पायलर चालू असताना, पोते उघडल्यावर कळे. तेव्हा कम्पायलर काम थांबवून ‘अंतर्गत चूक’ असा संदेश देतो. अशी तपासणी वेळ खाते, म्हणून सर्वसामान्यांना दिल्या जाणाऱ्या आवृत्तीत तिचा मोठा भाग बंद ठेवलेला असतो.

त्यावर उपाय काय झाला?

मार्च २०१३ मधील जीसीसी ४.८ पासून हा कम्पायलर सी ऐवजी सी++ भाषेत बांधला जाऊ लागला. त्यामुळे आतील नोंदींना वेगवेगळे प्रकार देण्याची सोय झाली. त्याचा ठळक उपयोग एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ मध्ये दिसला. भाषांतराच्या मधल्या टप्प्यावर जीसीसी प्रोग्रामचे ‘गिंपल’ नावाच्या सोप्या विधानांत रूपांतर करतो. तोवर सगळी विधाने एकाच प्रकारची मानली जात. आता किंमत देणारे विधान, फंक्शनला हाक मारणारे विधान, अट तपासणारे विधान यांना स्वतंत्र प्रकार मिळाले. हाक मारणाऱ्या विधानासाठी लिहिलेल्या कामात कुणी अटीचे विधान दिले, तर ते कम्पायलर बांधतानाच अडते. वापरणाऱ्यापर्यंत चूक पोहोचतच नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे, तो पुन्हा पुन्हा विचारण्याचे श्रमही काही ठिकाणी वाचतात.

बंधने वाढवणे हाच दर वेळी उपाय असतो का?

नाही. एलएलव्हीएमने नेमके उलट केले. तिथे प्रत्येक पत्त्याबरोबर ‘या पत्त्यावर कोणत्या प्रकारचा माल आहे’ ही चिठ्ठी जोडलेली असे. अनुभवाअंती लक्षात आले की, या चिठ्ठीवर विसंबून फारसे काही ठरवता येत नाही. उलट एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारी निरर्थक विधाने मधे मधे घालावी लागतात. ती मेमरी खातात आणि सुधारणा करणाऱ्या टप्प्यांच्या वाटेत येतात. वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर २०२२ मधील एलएलव्हीएम १५ मध्ये चिठ्ठीविना पत्ते ही नेहमीची पद्धत झाली आणि २०२३ मधील आवृत्ती १७ मध्ये जुनी पद्धत पूर्णपणे काढली गेली. खरी माहिती देणारे बंधन हवे, केवळ कागदी बंधन नको, असा या बदलाचा अर्थ.

इतका मोठा बदल करताना काही बिघडले नाही, हे कसे कळते?

अशा कामाला ‘रिफॅक्टरिंग’, म्हणजे फेररचना म्हणतात. बाहेरून दिसणारे वर्तन तेच ठेवून आतील मांडणी सुधारणे, ही त्याची अट. जीसीसीकडे त्यासाठी एक कडक परीक्षा आहे. आधी संगणकावर असलेल्या कम्पायलरने नवा जीसीसी बांधला जातो. त्या नव्या जीसीसीने पुन्हा जीसीसी बांधायचा आणि त्यातून आलेल्याने तिसऱ्यांदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतील फायली तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कम्पायलरने स्वतःचेच भाषांतर चुकीचे केले, असा त्याचा अर्थ. याशिवाय हजारो लहान प्रोग्रामांचा चाचणीसंच असतो. जुनी चूक दुरुस्त झाली की तिचे उदाहरण सहसा त्या संचात जमा होते, म्हणजे तीच चूक परत आली तर लगेच पकडली जाते.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध काय?

तो जुना आणि भक्कम आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. धनंजय ढमढेरे यांनी प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा होणारी तीच आकडेमोड कम्पायलरने कशी टाळावी, यावर मूलभूत संशोधन केले. सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरील त्यांची पाठ्यपुस्तके अभियांत्रिकीच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली. त्यांच्यासोबत १९९४ मध्ये शोधनिबंध लिहिणारे प्रा. उदय खेडकर यांनी पुढे हे काम जीसीसीपर्यंत नेले. आयआयटी मुंबईत ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभे राहिले. लाखो ओळींच्या या कम्पायलरमध्ये शिरायचे कसे, हे शिकवणाऱ्या ‘एसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या कार्यशाळा तिथून घेतल्या गेल्या.

मेमरीच्या प्रश्नावरही तिथे थेट काम झाले. खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांच्या २००७ मधील शोधनिबंधाचा विषय असा : झाडणारा एखाद्या नोंदीपर्यंत पोहोचता येते म्हणून ती ठेवतो, पण ती पुढे कधीच वापरली जाणार नसेल तर? कोठीत पोहोचता येते म्हणून दहा वर्षांपूर्वीची अडगळ सांभाळण्यासारखेच ते. कम्पायलरने आधीच प्रोग्राम अभ्यासून, जिथे नोंदीचा उपयोग संपतो तिथे तिच्याकडे जाणारा रस्ता तोडून टाकावा, म्हणजे झाडणारा ती उचलेल, असा मार्ग या तिघांनी मांडला. एलएलव्हीएमच्या जनकांपैकी एक विक्रम अडवे हेही आयआयटी मुंबईचेच माजी विद्यार्थी. ख्रिस लॅटनर आणि इव्हान चेंग यांच्यासह त्यांना एलएलव्हीएमसाठी २०१२ चा ‘एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम’ पुरस्कार मिळाला.

सामान्य फोनधारकाला याचे काय?

सुरक्षेचे. पुसलेल्या नोंदीचा पत्ता वापरणे किंवा ठरलेल्या जागेच्या बाहेर वाचणे, या मेमरीच्या चुका हल्लेखोरांचे आवडते दार असतात. गुगलच्या माहितीनुसार, २०१९ मध्ये अँड्रॉइडमधील सुरक्षा त्रुटींपैकी ७६ टक्के त्रुटी मेमरीशी संबंधित होत्या. नवा मजकूर रस्टसारख्या भाषांमध्ये लिहिण्यावर भर दिल्यानंतर २०२४ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. रस्टमध्ये नोंद कुणाच्या मालकीची आणि ती किती काळ जगणार, हे टाइपच्या बंधनांतूनच ठरते आणि कम्पायलर ते आधीच तपासतो. मेमरी आणि टाइप हे दोन प्रश्न तिथे एकत्र येतात.

तपासणी राहून गेली तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये एका ठिकाणी २१ नोंदी अपेक्षित होत्या, प्रत्यक्षात २० च दिल्या गेल्या. एकविसावी वाचायला गेलेला प्रोग्राम जागेबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी यात संधी कोणती?

जीसीसी आणि एलएलव्हीएम यांचा संपूर्ण मजकूर खुला आहे. तो वाचायला मुंबई-पुण्यात राहावे लागत नाही की शुल्क भरावे लागत नाही. मात्र यंत्र बऱ्यापैकी लागते. जीसीसी बांधायला डिस्कवर अनेक जीबी जागा लागते आणि जुन्या लॅपटॉपवर तासन् तास जातात. इथे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचा उपयोग होऊ शकतो.

सुरुवात मोठ्या फेररचनेपासून होत नाही. सर्व तपासण्या चालू ठेवून कम्पायलर बांधणे, ‘अंतर्गत चूक’ देणारा प्रोग्राम सापडला तर तो कापत कापत दहा-वीस ओळींवर आणणे आणि प्रकल्पाच्या खुल्या नोंदवहीत त्याची तक्रार करणे, हेही खरे योगदान मानले जाते. त्या दहा ओळी पुढे चाचणीसंचात जाऊ शकतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीला त्या परीक्षेतून जावे लागते. दोन्ही प्रकल्प ‘गुगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात अनेकदा सहभागी झाले असून, निवड झालेल्या विद्यार्थ्यांना त्यात मानधन आणि मार्गदर्शक मिळतो.

अभ्यासक्रमात कम्पायलर हा विषय असतोच. तो परीक्षेपुरता वृक्ष काढण्याशी थांबतो की चालू कम्पायलर उघडून पाहण्यापर्यंत जातो, हे मात्र शिक्षकांवर आणि प्रयोगशाळेवर ठरते. या कम्पायलरांची देखभाल करणारे लोक जगात फार थोडे आहेत आणि त्यांच्या कामावर विसंबून असलेले फोन अब्जावधी.